एकसष्टावा घाणा

अकरा वर्षं मी पगार घेऊन देव चाखला. हे वाक्य लोकांना टोचतं. टोचू दे.

आमचा कारखाना पट्ट्या बनवायचा. नखाएवढी, पारदर्शक पट्टी. जिभेखाली ठेवायची, विरघळू द्यायची. मग तीन तास खोलीत आणखी कुणीतरी असतं. दिसत नाही, बोलत नाही, पण असतं. तुम्ही काय चोरलंत, काय लपवलंत, मनातल्या मनात कुणाला शिव्या दिल्यात, सगळं त्याला माहीत असतं, आणि तरी ते उठून जात नाही. बस्स, एवढंच. पण एवढ्यासाठी माणसं आठ-आठ महिने रांगेत नाव लावून बसायची. खोक्यावर छापलेलं नाव 'सान्निध्य'. कारखान्यात ते नाव कुणी घेत नसे. पट्टी ती पट्टी. कागदोपत्री 'खेप', आमच्या तोंडी घाणा. हा शब्द कुणी आणला माहीत नाही, पण बरोबर आणला. तळूनच काढत होतो आम्ही.

यंत्रं होती की. डोळ्यांत भरतील अशी होती. पट्टीत काय आहे ते ती दशांशापर्यंत सांगायची. पण पट्टीने माणसाचं काय होईल, ते यंत्राला सांगता येत नसे. मसाला तोच, माप तेच, तरी एखादा घाणा रिकामा निघायचा. रिकाम्या घाण्यातही दार उघडतं तसंच, पण आत कुणी नसतं. आत्ता नाही एवढंच नाही. कधीच नव्हतं आणि पुढेही नसेल, हे हाडापर्यंत कळतं. पहिल्या वर्षी असा एक घाणा एका केंद्रावर गेला. अकरा जणांनी घेतला. आठवडा उलटायच्या आत त्यातले चौघे उरले नाहीत. कुणी मारलं नाही त्यांना. स्वतःच गेले.

त्यानंतर कायदा झाला: प्रत्येक घाणा दोन माणसांनी चाखायचा. दोन खोल्या आणि मध्ये जाड काच, एकाला त्रास झाला तर दुसऱ्याने घंटी दाबावी म्हणून. पाव पट्टी, चाळीस मिनिटं. मग आपापल्या कागदावर लिहायचं 'आलं', नाहीतर 'नाही आलं'. काय आलं, कोण आलं, कुणी विचारायचं नाही. आपसात त्याबद्दल बोलायचं नाही. दोन्ही कागदांवर 'आलं' असेल तर घाणा गाडीत चढायचा. ज्याने ती काच बसवली त्याला वाटलं, कान बंद केले म्हणजे काम झालं. डोळ्यांचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

यंदाच्या चौथ्या घाण्याला माझी जीभ मेली. आमच्यात असंच म्हणतात. पट्टी विरघळली, मी वाट बघत बसले, आणि खोलीत मी, खुर्ची आणि घड्याळ. भीती नाही, पोकळी नाही, काही नाही. पाणी प्यायल्यासारखं. रिकामा घाणा असता तर निदान हादरले असते. मेलेल्या जिभेला भरलेला आणि रिकामा दोन्ही सारखेच.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. जीभ मेलेल्याला फुलांचा गुच्छ देऊन फाटकाबाहेर काढत, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. पण हे कारण दुसरं. पहिलं कारण लाज. अकरा वर्षं जे नेमाने भेटायला येत होतं ते यायचं बंद झालं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दर सहा महिन्यांनी कारखान्याचा डॉक्टर तपासायचा, म्हणजे एक फॉर्म द्यायचा: 'अजून जाणवतं का? हो / नाही.' मी 'हो'वर खूण केली. त्याने वर बघितलंही नाही.

मग मी काचेतून बघायला लागले.

काचेपलीकडे मास्तर असायचे. खरेच मास्तर, शाळेत चित्रकला शिकवलेले. साठीचे, काटकुळे, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांना आलेलं लपत नसे. पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला त्यांची हनुवटी थरथरायची, मग डोळे भरायचे. ते दिसलं की मीही डोळे पुसायची, जरा डोलायची आणि लिहायची: आलं. मास्तर सच्चा माणूस. त्यांच्या जिभेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. सात महिने.

शुक्रवारी संध्याकाळी भावाचा फोन आला.

हा माझा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात. वजन शंभर किलो, पण पाळण्यातलं नाव सुटलं नाही. लिफ्ट दुरुस्त करतो. दुरुस्ती झाली की आधी स्वतः आत उभा राहून वरपासून खालपर्यंत जातो, मग सही करतो. "मी आत उभा राहिल्याशिवाय सही नाही," हे त्याचं पेटंट वाक्य. लहानपणी मीच त्याला सांभाळलं. खोटं बोलताना तो उजव्या कानाची पाळी चोळायचा. शेजाऱ्यांची काच फोडली, पाळी लाल. माझ्या पाकिटातून नाणी घेतली, पाळी लाल. त्याला हे कधी कळलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. हत्यार कोण दाखवतं?

दीड वर्षापूर्वी त्याची मुलगी गेली. चिमणी म्हणायचो तिला. नऊ वर्षांची. तीन दिवसांचा ताप. तेव्हापासून बारक्या कामावर जायचा, यायचा, ताट पुढे आलं की जेवायचा, आणि बाकी वेळ भिंतीकडे बघत बसायचा. माझ्या भावजयीने कागद गोळा केले, डॉक्टरची चिठ्ठी मिळवली, आठ महिने केंद्राच्या रांगेत नाव ठेवलं.

"तायडे, नंबर लागला," तो म्हणाला. "उद्या दहा वाजता."

दीड वर्षात पहिल्यांदा त्याच्या आवाजात जरा धुगधुगी होती.

"पत्रावर घाणा नंबर लिहिलाय बघ. एकसष्ट. हा तुझाच ना? तूच चाखलेला?"

"हो," मी म्हणाले. "मंगळवारी."

"मग झालं तर. तुझी सही आहे म्हणजे तू आत उभी राहिलीस."

माझ्या हातातला फोन गरम झाला. मी म्हणाले, "झोप लवकर."

शनिवारी सकाळी नऊला कामावर गेले. मास्तर कँटीनच्या कोपऱ्यात चहा घेत होते. आपसात विचारायचं नाही हा नियम मी अकरा वर्षांत मोडला नव्हता. समोर बसले आणि मोडला.

"मास्तर, एकसष्टला तुम्हाला नीट आलं होतं ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. "का गं?"

"माझा भाऊ घेतोय आज. दहा वाजता."

"मग तुला माहीतच आहे की. तुला आलं होतं ना."

"तुमचं विचारतेय मी."

मास्तरांनी गळ्याचं बटण काढलं. ते बटण काढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "पोरी," ते म्हणाले, "मी तुझ्याकडे बघून लिहिलं."

कँटीनमध्ये कुणीतरी थाळ्या आपटत होतं. मला तेवढंच ऐकू येत होतं.

"माझ्याकडे?"

"यंदाच्या दुसऱ्या घाण्यापासून माझी जीभ गेली. म्हटलं, ही आहे ना समोर. तरुण जीभ. तू डोळे पुसलेस की मी लिहायचो."

"मी तुमच्यानंतर पुसायची! तुमची हनुवटी आधी हलायची!"

"ती म्हातारपणानं हलते गं. आता बघ, आत्ताही हलतेय."

हलत होती. चहा पिता पिता, काहीही आलेलं नसताना, हलत होती.

"डोळे भरायचे ते?"

"तुला रडताना बघून. मला वाटायचं, हिच्याकडे अजून येतंय, आपल्याकडे नाही. वाईट वाटायचं."

म्हणजे दुसरा आणि तिसरा घाणा माझ्या खऱ्या जिभेवर गेला. चौथ्यापासून मी म्हाताऱ्याच्या हनुवटीवर सह्या ठोकत होते आणि म्हातारा माझ्या नाटकावर. अठ्ठावन्न घाणे. एका घाण्याच्या बाराशे पट्ट्या. कुणी चाखलेलंच नाही.

घड्याळात साडेनऊ झाले होते.

बारक्याला फोन लावला. बंद. भावजयीला लावला. बंद. केंद्रात शिरताच फोन कपाटात ठेवायला लावतात. केंद्राच्या टेबलावर लावला, तर गोड आवाजातली फीत वाजली: आपली रांग पुढे सरकत आहे. तुझ्या रांगेला आग लाव.

पहिल्या मजल्यावर व्यवस्थापक बसायचा. आम्ही त्याला मलमसाहेब म्हणायचो, कारण त्याच्याशी बोलून बाहेर आलं की आपल्याला काहीतरी चोपडलंय असं वाटायचं. पेन्सिलीला टोक काढत होता. मी उभ्याउभ्याच सगळं ओकले. मास्तर मागे उभे राहून मान हलवत होते.

"बसा," तो म्हणाला. "पाणी घ्या."

"पाणी नको. एकसष्टावा थांबवा. केंद्रावर एक फोन करा."

"सात महिन्यांत तक्रारी किती आल्या?"

"मला काय माहीत."

"शून्य." त्याने टोकावर फुंकर मारली. "म्हणजे माल चांगला आहे. तुमची जीभ असो नसो."

"साहेब, आठ महिने रांगेत थांबलेल्या माणसाला, बाहेर बायको-पोरं डोळे लावून बसलेली असताना, 'मला कुणी भेटलं नाही' म्हणायची किती लाज वाटत असेल, तुम्हाला कळतंय का? मी पगारी चाखणारी, मला सात महिने लाज वाटली!"

"ताई, एकसष्टावा थांबवायचा तर मागचे सत्तावन्नही परत बोलवायला हवेत. ते लोकांच्या पोटात गेलेत. परत बोलवू कुठून?" आवाज लोण्यासारखा. "घाणा थांबवायचा नियमात एकच रस्ता आहे. घेणाऱ्याने केंद्राच्या कागदावर 'नाही आलं' लिहून दिलं, की त्या घाण्याच्या सगळ्या डब्यांना सगळ्या केंद्रांवर एकदम कुलूप पडतं. मलाही कुणी विचारत नाही. तोवर तुमचं बोलणं मी ऐकलेलं नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. हे लिहून दिलंत तर आत जाल."

मास्तर पुढे आले. त्यांनी मलमसाहेबाच्या हातातली, नुकतं टोक काढलेली पेन्सिल काढून घेतली आणि टेबलावरचा कोरा कागद ओढला. "मी लिहितो. तारखेवार लिहितो. तू पळ गं," ते म्हणाले. "माझ्या पायांनी तू पोचायची नाहीस."

पंचवीस मिनिटांनी बसमधून उतरले. उरलेलं मी धावले. शेहेचाळीस वय, पायात सपाता, लोक वळून बघत होते. चष्म्याच्या दुकानावर चार मजली जुनी इमारत, केंद्र चौथ्यावर. लिफ्ट वर जाताना कडेने काहीतरी खरखरत होतं, पत्र्यावर नख ओढल्यासारखं. दार उघडलं तेव्हा दहा चाळीस झाले होते.

पांढरे पडदे, चार खुर्च्या, पाण्याचा जग, कागदी पेले. भिंतीवर पाटी: 'आत जाऊन आलेल्यांना प्रश्न विचारू नयेत.' एका खुर्चीवर काठी घेतलेली आजी, दीडच्या पाळीची, सकाळपासूनच येऊन बसलेली. दुसरीवर माझी भावजय. मला बघून ती उजळली.

"ताई! तुम्ही आलात! चाळीस मिनिटं झाली ठेवून. आता..." माझं तोंड बघून ती थांबली.

मी तिला बाजूला नेऊन सांगितलं. दोन-चार वाक्यांतच सांगितलं, तिसऱ्यालाच तिला कळलं होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्याचं मन नव्हतं," ती म्हणाली. "मीच म्हटलं, ताईंची सही आहे. ताईंच्या सहीवर मी त्याला आत पाठवलं."

एवढं बोलून ती माझ्यापासून एक खुर्ची लांब जाऊन बसली.

आतल्या खोलीलाही काच होती. असतेच. आत कोचावर बारक्या आडवा, जवळ सोबतीण विणकाम घेऊन बसलेली. घेणाऱ्याजवळ बसणाऱ्या बाईला सोबतीण म्हणतात. ती बोलत नाही, हात लावत नाही, फक्त असते. मी काच वाजवली. तिने ओठांवर बोट ठेवलं. मी आणखी जोरात वाजवली. ती बाहेर आली, दार ओढून घेतलं.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का? मध्येच उठवलं तर माणूस अर्ध्यात अडकतो."

"पट्टी काढता येईल?"

"विरघळली ती. काय झालंय?"

तिलाही सांगितलं. ती ऐकताना हातातल्या सुया घट्ट धरून उभी होती. "मी काय करू?" ती शेवटी म्हणाली. "माझ्या हातात एक कागद आहे. तो जे बोलेल ते त्यावर लिहायचं. डब्याला कुलूप लावायची किल्लीसुद्धा नाही माझ्याकडे." मग जाता जाता खालच्या आवाजात, "एकसष्टचा डबा आज सकाळीच उघडलाय. हा पहिला. दुसऱ्या त्या आजी."

दोन तास मी काचेपाशी उभी राहिले. आयुष्यात दुसऱ्याचा चेहरा वाचण्याशिवाय मी दुसरं केलं काय? पण हा चेहरा मला वाचता येईना. अर्ध्या तासाने तो हसला. हसला की ओठ आखडले? तासाभराने डोळ्यांतून पाणी आलं. पाणी दोन्ही घाण्यांना येतं. मी मनात म्हणत होते, येऊ दे, चिमणी येऊ दे, कुणीही येऊ दे, माझी सही खरी ठरू दे. सात महिने जे येत नव्हतं त्यालाच मी हाका मारत होते. मग स्वतःचीच किळस आली.

साडेबाराला तो एकदम निश्चल झाला. डोळे उघडले. छत बघितलं, भिंत बघितली, आणि मान वळवून काचेकडे बघितलं. मी दिसले त्याला. माझ्यामागे त्याची बायको. किती तरी वेळ तो आम्हा दोघींकडे बघत राहिला. मग त्याने हात उचलून डोळे पुसले, दोन्ही, एकामागून एक, नीट. जरासा डोलला.

ते पुसणं माझ्या ओळखीचं होतं. सात महिने मी तसंच पुसत होते.

एक वाजता सोबतिणीने त्याला धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं, मांडीवर कागद घेतला. तिने मला बाहेर काढायला हवं होतं. काढलं नाही.

"आलं?" तिने विचारलं. एवढंच विचारायचं असतं.

"आलं," बारक्या म्हणाला. आणि उजव्या कानाची पाळी चोळली.

भावजयीने श्वास सोडला. सोबतिणीने पेन टेकवलं.

"थांबा," मी म्हणाले. "बारक्या, खोटं बोलतोयस."

"आलं म्हणतोय ना."

"काय आलं?"

"ते विचारायचं नसतं." त्याने पाटीकडे बोट दाखवलं. आवाज इतका सपाट होता की वाटलं, कुणीतरी दुसरं त्याच्या तोंडून बोलतंय.

मी त्याच्यासमोर खाली बसले. "ऐक. माझी सही खोटी आहे. मी आत उभी राहिले नव्हते. सात महिने नाही. एकसष्टावा कुणीच चाखलेला नाही."

तो चकित झाला नाही. "काचेत तुझं तोंड बघितलं तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "आत हे असं, आणि बाहेर तू, तशी. मी लिफ्टवाला आहे, तायडे. कुठे तुटलं ते कळतं मला. मी 'नाही' म्हटलं तर तू आत जाशील."

"जाईन."

"मग आलं."

"माझ्यासाठी करू नकोस. मास्तर तिकडे लिहून देतायत, मीही देणार आहे. मी जायची ती जाणारच. पण आमच्या लिहिण्याने कुलूप पडत नाही. तुझ्याच बोलण्याने पडतं. चाळीस केंद्रांवर हा डबा आहे."

"मला नाही बोलायचं ते." त्याने बायकोकडे बघितलं आणि लगेच नजर काढली. "एकदा बोललो की तसंच होईल ते. हिने आठ महिने..."

भावजय उठली. मला वाटलं, आता ही मला मारणार आणि मारायलाच हवं. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिलाही 'आलं'च ऐकायचं होतं, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मी तिला दोष देत नाही.

सोबतीण पेन टेकवून बसलेली. नियमाने तिने पहिलंच उत्तर लिहायला हवं होतं. शाईचा ठिपका मोठा मोठा होत होता.

तेवढ्यात पलीकडची आजी काठी टेकत उठली. तिला आमच्यातलं किती ऐकू गेलं देव जाणे. बहुधा काहीच नाही, कानात यंत्र होतं आणि ती त्याच्याशी खटपट करत होती. बारक्यासमोर उभी राहिली. पाटीबिटी तिने वाचलीच नव्हती.

"काय रे बाबा," ती मोठ्याने म्हणाली, बहिरी माणसं बोलतात तशी, "भेटतं का कुणी? माझा म्हातारा जाऊन चार वर्षं झाली. पोरं म्हणतात, वेड लागलंय हिला. पण मी म्हटलं, एकदा बघू. भीतीबिती नाही ना वाटत?"

बारक्याने तिच्याकडे बघितलं. त्याचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. मांडीवर आला.

"आजी," तो म्हणाला, "घरी जा."

"आँ?"

"घरी जा! आज चढू नका यात! मी आत्ता आत उभा राहून आलोय." त्याचा आवाज फाटला. "नाही आलं. लिहा हो बाई. नाही आलं. कुणी नव्हतं. माझी पोरगी नव्हती. ती नाही, बाकी कुणी नाही, कधी नव्हतंच. लिहा. सही कुठे करायची?"

सोबतिणीने लिहिलं. त्याने सही केली, नेहमीसारखी, खाली रेघ ओढून. तिने कागद भिंतीतल्या खाचेत सरकवला. दोन-तीन सेकंद काही झालं नाही. मग आतल्या कपाटात खट्ट असा आवाज झाला आणि काचेतून लाल दिवा दिसला.

आजी भडकली. "अरे पण माझा नंबर! सकाळपासून बसलेय मी!" सोबतीण तिला समजवायला लागली, कानाशी तोंड नेऊन, ओरडून. मी टेबलावरून दुसरा कागद घेतला. चौथ्यापासून एकसष्टपर्यंत आकडे एकाखाली एक लिहिले, प्रत्येकापुढे 'चाखला नाही', आणि खाली माझं नाव. या कागदाने कुठलंही कुलूप पडत नव्हतं. तरी लिहिला. दोन दिवसांनी मला न्यायला आले तेव्हा तोच त्यांच्या हातात होता, आणि वर मास्तरांचा, पेन्सिलीने लिहिलेला, सुवाच्य.

पण ते सोमवारी. शनिवारी मला एवढंच दिसत होतं की बारक्या खुर्चीवरून उठला आहे, त्याचे डोळे कोरडे आहेत, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत. अकरा जणांतले चौघे. मी त्याचा डावा दंड पकडला. भावजयीने उजवा. आमचं दोघींचं काही ठरलं नव्हतं, ती माझ्याकडे बघतही नव्हती.

लिफ्टपाशी आलो. भावजयीने बटण दाबलं. खालून लिफ्ट वर यायला लागली, कडेने तसंच खरखरत. दार उघडलं. बारक्या आत शिरला नाही. मान तिरकी करून ऐकत राहिला.

"मघाशी वर येतानाच कळलं होतं," तो म्हणाला. "दोर कडेला घासतोय. वरची चाकी सरकली असणार."



"ती म्हातारी यातनंच उतरणार," तो म्हणाला.

त्याने दंड सोडवून घेतला. माझा जीव टांगणीला लागला. त्याने हात आत घालून लाल खटका ओढला. लिफ्टमधला दिवा गेला. मग खिसे चाचपले, पेन सापडलं, कागद नव्हता. मला म्हणाला, "तायडे, कागद दे काहीतरी." माझ्या पर्समध्ये बसचं तिकीट होतं. त्यामागे त्याने लिहिलं: 'बंद. वापरू नये.' खाली सही, रेघ ओढून. तिकीट दाराच्या फटीत खोचलं, पडेल का म्हणून एकदा हलवून बघितलं.

मग तो जिन्याकडे वळला. जिना अरुंद होता, तिघं शेजारी मावेनात. भावजय एक पायरी पुढे, मी एक पायरी मागे, आणि तिचा हात मागे त्याच्या मनगटावर, माझी मूठ त्याच्या शर्टात. चार मजले तसेच उतरलो.